पथ्य कुणाचं?

वर्षात ८,७६० तास असतात. शुगर किंवा बीपी असलेला माणूस दर तीन महिन्यांनी डॉक्टरकडे गेला आणि दर वेळी त्याला पंधरा मिनिटं मिळाली, असं जरा सढळ हातानं धरलं तरी वर्षाचा एक तास होतो. उरलेले ८,७५९ तास त्याचा आजार दवाखान्याबाहेर असतो. स्वयंपाकघरात, ऑफिसच्या कँटीनमध्ये, लग्नाच्या पंगतीत, रात्री साडेअकराला उघडलेल्या फ्रिजसमोर.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एखादी सिस्टिम मंद चालत असेल तर आम्ही आधी बघतो, तिचा वेळ नेमका कुठे जातोय. जिथे वेळेचा शंभरावा भागही जात नाही, तिथला कोड कितीही घासूनपुसून चकाचक केला तरी फरक पडत नाही. दीर्घ आजारांच्या बाबतीत मात्र आपण सगळा भार त्या एका तासावर टाकतो. त्या तासात चार वाक्यं सांगितली जातात: गोड बंद, मीठ कमी, रोज चाला, टेन्शन घेऊ नका. चारही वाक्यं आज्ञार्थी आणि चारही एकाच माणसाला उद्देशून. तो माणूस घरी येतो, पंधरा दिवस सगळं पाळतो, मग हळूहळू एकेक सुटत जातं. पुढचा रिपोर्ट आला की घरचे आणि तो स्वतः, सगळे एकाच निष्कर्षावर येतात. याच्यात निग्रह नाही.

हा निष्कर्ष मला पटत नाही. तो उपयोगाचा नाही हे एक झालंच, पण तो अन्यायाचाही आहे. ‘पथ्य’ हा शब्द ‘पथ’ म्हणजे वाट यावरून आला आहे. वाटेला धरून असलेलं, ते पथ्य. प्रश्न असा, की या वाटेवर एकट्यानं चालायचं आहे असं कुणी ठरवलं?

*

आधी एक गैरसमज बाजूला करू. लोकांना माहिती नसते म्हणून ते बदलत नाहीत, हा तो गैरसमज.

नागपुरात नंदनवनमधल्या आमच्या गल्लीत गोळ्यांचा डबा नाही असं घर मला चटकन आठवत नाही. देशाचं चित्रही फार वेगळं नाही. आयसीएमआरच्या पाहणीचे जे आकडे २०२३ साली आले, त्यांनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. गल्लीतल्या कुठल्याही काकांना विचारा, जिलेबी वाईट आणि चालणं चांगलं हे ते आपल्यापेक्षा नीट सांगतील. सांगता सांगता तर्रीपोह्यांची दुसरी प्लेटही मागवतील.

सॉक्रेटिसचं म्हणणं होतं की माणूस जाणूनबुजून स्वतःचं अहित करत नाही, करतो तेव्हा त्याचं ज्ञान कमी पडलेलं असतं. ॲरिस्टॉटलला हे पटलं नाही. चांगलं काय ते कळतं आणि तरीही हात उलटा जातो, या अवस्थेला ग्रीक भाषेत ‘अक्रेसिया’ म्हणतात, आणि ‘निकोमॅखिअन एथिक्स’च्या सातव्या भागात त्यानं तिचा बारकाईनं विचार केला आहे. मधुमेहाच्या ओपीडीबाहेर अर्धा तास बसलं की ॲरिस्टॉटलची बाजू पटते.

महाराष्ट्रातलं याचं सगळ्यात प्रामाणिक उदाहरण एका डॉक्टरांचं आहे. डॉ. अभय बंग नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकले आणि पुढे गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभारून त्यांनी हजारो लोकांच्या आरोग्याचं काम केलं. १९९५ साली, पन्नाशीच्या आत, त्यांना स्वतःला हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतरच्या शोधावर त्यांनी लिहिलेलं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ अनेक मराठी घरांत पोचलं आहे. आहार, व्यायाम, ध्यान, सगळं त्यांनी आयुष्यात नव्यानं आणलं. त्या पुस्तकातून बहुतेक लोक आहाराचे नियम उचलतात. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. आरोग्याबद्दल या माणसाइतकं माहीत असलेले लोक राज्यात थोडेच असतील, तरी झटका आलाच. म्हणजे नुसतं माहीत असणं पुरत नाही. आणि त्यांना ते पुरलं नसेल, तर नंदनवनच्या चौकात दिवसभर उभ्यानं दुकान चालवणाऱ्या माणसाला ‘एवढंही कळत नाही का?’ असं विचारायचा हक्क आपल्याला उरत नाही.

*

दुसरा गैरसमज असा, की योग्य डाएट सापडलं की काम झालं.

या बाबतीत आम्हा नागपूरकरांचा थोडा अभिमानाचा आणि थोडा भांडणाचा इतिहास आहे. दिवसातून दोनदाच जेवायचं, मध्ये काही खायचं नाही, ही कल्पना महाराष्ट्रभर ‘दीक्षित डाएट’ म्हणून ओळखली जाते. पण डॉ. जगन्नाथ दीक्षित स्वतः तिचं श्रेय नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांना देतात. ढीगभर पदव्यांसाठी प्रसिद्ध असलेले जिचकार २००४ साली रस्त्यावरच्या अपघातात गेले. पुढे दीक्षितांनी ती कल्पना गावोगावी नेली: दोन जेवणं, प्रत्येक ५५ मिनिटांच्या आत, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. याच्या दुसऱ्या टोकाला ऋजुता दिवेकर. थोडं थोडं, दर दोन तासांनी, आपल्या मातीतलं खा, तुपाला घाबरू नका. काही वर्षांपूर्वी या दोन मतांवरून मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर जी युद्धं झाली, ती निवडणुकीतही होत नाहीत.

कोण बरोबर, हा वाद इथे नको. आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर जेवणाच्या वेळांशी खेळल्यानं साखर धोकादायक खाली जाऊ शकते. त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्हीपैकी काहीच करू नये. मला कुतूहल दुसऱ्या गोष्टीचं आहे. ‘दोनदा जेवा’ हा नियम इतक्या लोकांना आवडला, कारण तो निर्णयांची संख्या कमी करतो. दिवसभरात समोर येणाऱ्या वीस खाण्यांचा वीस वेळा विचार करायचा नाही, एकदाच ठरवायचं. प्रोग्रामरला हे लगेच आवडतं. जितक्या अटी कमी, तितके बग कमी.

पण तो मोडतो कुठे, तेही बघा. भुकेनं तो क्वचितच मोडतो. तो मोडतो ‘चहा तरी घ्या’ या वाक्यानं. आपल्याकडे पाहुण्यानं चहा नाकारणं म्हणजे फक्त चहा नाकारणं नसतं. ‘आमच्या घरचं चालत नाही का?’ हा प्रश्न कुणी तोंडानं विचारत नाही, पण तो बशीत ठेवलेला असतो. चार घरी गेलेला माणूस चार वेळा एकतर नियम मोडतो किंवा मन मोडतो. त्याला त्या कोंडीत उभं करणारे आपण असतो आणि वर त्याचा निग्रह मोजणारेही आपणच.

*

आता दोषाबद्दल. ‘स्वतःच ओढवून घेतलंय’ असं जे आपण सहज बोलून जातो, ते किती खरं आहे?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं संशोधन या वाक्याला मोठा धक्का देतं. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटा लेख आणि एक फोटो छापून आला. फोटोत दोन डॉक्टर, एक याज्ञिक आणि दुसरे ब्रिटनचे जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. म्हणजे वजनकाट्याच्या हिशोबानं दोघं सारखेच सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून बारीक, आतून चरबी जास्त, असा हा आपला भारतीय देह.

याची मुळं कुठे आहेत हे शोधायला याज्ञिकांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास चालवला. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण जे कमी होतं ते मुख्यतः स्नायूंत आणि अवयवांत. चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. म्हणजे साठीत शुगर निघालेल्या माणसाची गोष्ट कदाचित त्याच्या आईच्या पोटात, तिच्या अर्धपोटी दिवसांत सुरू झालेली असते.

तत्त्वज्ञानात याला नैतिक नशीब म्हणतात. दोन माणसं सारखंच वागतात, पण एकाला आजार होतो आणि दुसऱ्याला होत नाही. मग आपण पहिल्याला बेजबाबदार म्हणतो आणि दुसऱ्याला काहीच म्हणत नाही. दुसरा मात्र त्याच पोह्यांच्या गाडीवर त्याच्या शेजारीच उभा असतो.

याचा अर्थ माणसाच्या हातात काही नाही असा नाही. उलट अमेरिकेतल्या ‘डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’नं २००२ साली दाखवलं, की मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांमध्ये राहणीमान बदलल्यानं मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं, तर मेटफॉर्मिनच्या गोळीनं ३१ टक्क्यांनी. बदल गोळीपेक्षा भारी ठरला. पण तिथे लोकांच्या हातात नुसता कागद दिला नव्हता. प्रत्येकाला सोबत करणारा एक प्रशिक्षित माणूस दिला होता, सोळा पाठांचा अभ्यासक्रम होता, आणि पुढेही भेटी चालू होत्या. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या अभ्यासात आधीच मधुमेह असलेल्या लोकांना वजन घटवायला अशीच सोबत मिळाली. एका वर्षानं त्यांपैकी ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. दोन वर्षांनी ते प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं.

या आकड्यांकडे बघून कुणी म्हणेल, बघा, शेवटी लोक घसरतातच. मला त्यात उलटं दिसतं. इतकी सोबत असूनही टिकवणं इतकं अवघड असेल, तर सोबतीशिवाय जो माणूस दोन महिनेसुद्धा टिकला, तो कमकुवत नव्हता. तो एकटा होता.

*

मग सोबत करायची म्हणजे काय करायचं? इथे आमच्या पिढीचं उत्तर तयार असतं: ॲप.

दंडावर चिकटवायचा सेन्सर मिळतो. तो दर काही मिनिटांनी साखरेचा आकडा फोनवर पाठवतो, आणि तो आकडा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवरही दिसू शकतो. समजा, मुलगा बंगळुरूत आहे आणि वडील नागपुरात. दुपारी चार वीसला आलेख वर जातो, चार बावीसला फोन येतो: “बाबा, काय खाल्लं?” प्रेमाशिवाय कुणी असा फोन करत नाही. पण पासष्ट वर्षांच्या माणसाला हा प्रश्न शाळेतल्या मास्तरांच्या आवाजात ऐकू येतो. मग तो आकडे लपवायला शिकतो. तपासणीच्या आदल्या आठवड्यात कडक पथ्य, मग पुन्हा पहिले पाढे. एचबीएवनसी ही चाचणी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्यामुळे तिच्यापुढे ही युक्ती फारशी चालत नाही. तरीही लोक करतात. कारण त्यांना आजाराशी लढायचं नसतं, परीक्षकापासून वाचायचं असतं.

मराठीत दोन शब्द आहेत: देखभाल आणि पाळत. दोन्हींत बघणं आहे. फरक इतकाच, की देखभालीत बघणारा आणि ज्याच्याकडे बघितलं जातं तो एकाच बाजूला असतात. माझ्या मते याची एक सोपी कसोटी आहे. वडील ते शेअरिंग कुठलंही कारण न देता बंद करू शकतात का, आणि बंद केल्यावर घरात अबोला धरला जात नाही ना? दोन्हींचं उत्तर समाधानकारक असेल, तर ती देखभाल.

पण माणूस मोहाच्या क्षणी जे मागतो ते त्याला खरंच हवं असतं का, हा प्रश्न उरतोच. यावर तत्त्वज्ञ ग्रीक पुराणातल्या ऑडिसियसची गोष्ट सांगतात. सायरेन नावाच्या समुद्रकन्यांचं गाणं ऐकलं की खलाशी भान हरपून खडकांवर आदळायचे. ऑडिसियसला गाणं तर ऐकायचं होतं. त्यानं आधीच सांगून ठेवलं, मला डोलकाठीला बांधा, आणि मी कितीही विनवलं तरी सोडू नका. त्याला बांधून ठेवायचा हक्क खलाशांना कुठून मिळाला? त्याच्याच शब्दातून, तो शुद्धीवर असताना दिलेल्या. घरच्यांचा हक्कही तेवढाच. बाबांनी रविवारी सकाळी शांतपणे सांगितलं असेल, ‘लग्नात मला दुसऱ्यांदा वाढू देऊ नका’, तर पंगतीत त्यांना अडवणं म्हणजे त्यांचाच शब्द पाळणं. न सांगता अडवणं म्हणजे चारचौघांत त्यांना लहान करणं.

या गोष्टीतला एक तपशील सहसा कुणी सांगत नाही. बाकीच्या सगळ्या खलाशांनी कानांत मेण घातलं होतं. त्या जहाजावर एकाला बांधून बाकीचे मजेत गाणं ऐकत बसले नव्हते. आपल्या घरांत मात्र ऑडिसियसला खुर्चीला बांधतात आणि त्याच्यासमोर संत्रा बर्फीचा बॉक्स उघडतात.

*

हे सगळं मी आतापर्यंत ‘बाबा’ धरून लिहिलं, आणि तसंच सुचणं हाही या प्रश्नाचाच भाग आहे. आपल्याकडे पुरुषाचा मधुमेह हे त्याच्या बायकोचं काम असतं. भात कमी करणं, ज्वारीची भाकरी टाकणं, मेथीदाणे भिजवणं, गोळीची आठवण करणं, सगळं तिच्याकडे. मग स्वयंपाक करणारीलाच शुगर निघाली तर?

माझ्या मोठ्या काकूचं सांगतो. नऊ वर्षं तिनं काकांचं पथ्य काट्यावर मोजावं तसं सांभाळलं. मग तिलाच शुगर निघाली. घरात काहीच बदललं नाही. ती सगळ्यांना वाढून शेवटी जेवायची, कधी दहा वाजता, कधी साडेदहाला. उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून तो तिच्या पोटात जायचा. उपासाला साबुदाणा ठरलेला. कुणी विचारलं तर म्हणायची, “माझ्या एकटीसाठी काहून वेगळं करू?” तिच्या डॉक्टरांनी सांगितलेलं प्रत्येक वाक्य बरोबर होतं. फक्त ते अशा बाईला सांगितलं होतं, जिच्या दिवसातली एकही वेळ तिच्या स्वतःच्या ताब्यात नव्हती.

बदल झाला तो तिच्यात नाही, घरात. काकांनी रात्रीचं जेवण साडेसातवर आणलं. चुलतभावानं ऑफिसमधून आल्यावर भाजी करायला घेतली. आणि काका म्हणायला लागले, “आता तू बस, मी वाढतो.” पहिले काही दिवस तिला ते सहन होईना, सारखी उठायची. दोन वर्षं झाली आता. तिची साखर अजून कमी-जास्त होत असते, सणासुदीला वर जाते, परत येते. पण सगळ्यांनी सोबत जेवायला बसणं सुटलेलं नाही. यात निग्रह कुणाचा म्हणायचा? मला तर वाटतं, ‘निग्रह’ हा शब्दच इथे लागू होत नाही.

*

यावर एक रास्त आक्षेप आहे. घरच्यांनी किती करायचं? ज्याला आजार त्यानं काहीच नाही का करायचं?

करायचं. आणि इथे घरच्यांचाही हक्क आहे. मूत्रपिंडं निकामी झाली तर डायलिसिस साधारण आठवड्यातून तीनदा लागतं, दर वेळी चारेक तास. तेवढे तास बाहेर बाकावर कुणीतरी बसलेलं असतं. त्यामुळे ‘माझं शरीर, माझी मर्जी’ हे वाक्य कुटुंबात पूर्ण खरं नसतं. ‘तुम्हाला काही झालं तर मला काय उचलावं लागेल’ हे त्याला एकदा स्पष्ट, न रडता, न धमकावता सांगायचा हक्क घरच्यांना आहे. पण तो सांगायचा हक्क आहे, ताट हिसकावायचा नाही. सगळं ऐकून, सगळं समजून कुणी दिवाळीला एक अनारसा उचलला, तर तो त्याचा अनारसा. त्याला तो चव घेऊन खाऊ द्यावा. चोरून खाल्लेला अनारसा तेवढीच साखर वाढवतो आणि वर माणसाचा मान कमी करतो.

आणि ज्यांना घरच नाही? एकट्या राहणाऱ्या आजी, पीजीतली मुलं, रात्रपाळीचे वॉचमन, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत पार्सल पोचवणारे? नागपूरच्या उन्हाळ्यात चालण्याजोगी वेळ म्हणजे पहाट, आणि पहाटेच ज्याची ड्यूटी सुरू होते त्याला ‘रोज चाला’ म्हणणं म्हणजे नुसते शब्द. तिथे घराची जागा शेजाऱ्यांनी, ऑफिसनं, नगरपालिकेनं घ्यायची असते. ऑफिसच्या मीटिंगला समोशांऐवजी फुटाणे ठेवणं हे कुणाच्याही निग्रहापेक्षा स्वस्त आहे.

म्हणून घरी पुढचा रिपोर्ट येईल तेव्हा लाल अक्षरातल्या आकड्यावर बोट ठेवण्याआधी दोन प्रश्न विचारून बघावेत. पहिला त्यांना: यातलं तुम्हाला स्वतःला काय बदलावंसं वाटतं? त्यांचं उत्तर आपल्या अपेक्षेपेक्षा लहान असेल. ‘रात्रीचा भात सोडतो’, एवढंच असेल. ते लहान उत्तरच धरावं, कारण ते त्यांचं आहे. दुसरा प्रश्न स्वतःला: त्यासाठी या घरात माझं काय बदलेल? जेवणाची वेळ, फ्रिजमधला वरचा कप्पा, की संध्याकाळचा अर्धा तास?

दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर पहिला विचारू नये.